गर्दचे व्यसन : ‘मनाचा निर्धार’ आणि मेंदूचा हिशेब

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वस्तीतला चोवीस वर्षांचा एक मुलगा व्यसनमुक्ती केंद्रात तीन महिने काढून घरी परतला. गर्दपायी त्याची आयटीआय सुटली होती. घरातले सिलिंडर, आईची पोत, बहिणीचा मोबाइल, सगळे विकून झाले होते. तीन महिन्यांनी आला तेव्हा मात्र अंगाने भरला होता, डोळे स्वच्छ दिसत होते. आम्हा कार्यकर्त्यांना कोण आनंद! रविवारी समाजमंदिरात छोटा कार्यक्रम ठेवला. शाल, हार, भाषणे. मनाचा निर्धार असेल तर माणूस काय करू शकतो याचे हे जिवंत उदाहरण, असे आमच्यापैकीच एकाने माईकवरून सांगितले. मुलाने सर्वांसमोर शपथ घेतली. टाळ्या पडल्या.

नवव्या दिवशी पहाटे तो सार्वजनिक शौचालयाच्या मागे सापडला. सुई हातातच होती, ओठ निळे पडले होते. रुग्णालयात नेईपर्यंत सगळे संपले होते.

वस्ती म्हणाली, गर्दुल्लाच तो, सुधारणार थोडाच. आम्ही तसे म्हणालो नाही, पण आमच्यातला एक जण बोलून गेला की त्याने आपल्या हाराची लाज राखली नाही. त्याला आम्ही कोणी अडवले नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे. पंधरा दिवसांनी मुलाची आई भेटली. तिने साधा प्रश्न विचारला, “भाऊ, आधी रोज घ्यायचा तेव्हा काही झालं नाही. तीन महिने घेतलं नव्हतं, मग पहिल्याच वेळी कसा गेला? लय जास्त घेतलं असंल का?” आमच्याकडे उत्तर नव्हते. तो प्रश्न घेऊन आम्ही ओळखीच्या एका मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. ते म्हणाले, “जास्त घेतलं नसणार. पूर्वी घ्यायचा तेवढंच घेतलं असणार. म्हणूनच गेला. तुम्ही हार घातलात ना, ते दिवस त्याच्या आयुष्यातले सगळ्यात धोक्याचे होते.”

हा लेख त्या एका वाक्यामुळे लिहावा लागतो आहे. व्यसनावर आपण इतकी भाषणे केली, प्रभातफेऱ्या काढल्या, भिंती रंगवल्या. पण व्यसन मेंदूत नेमके काय करते हे आमच्यापैकी कोणीही वाचलेले नव्हते. माहिती नसताना केलेले प्रबोधन किती महाग पडते, ते आम्ही पाहिले आहे.

आधी शब्दांचे बघू. ‘गर्द’ म्हणजे धूळ, भुकटी. १९८०च्या दशकात मुंबईत तपकिरी रंगाचे अशुद्ध हेरॉइन आले, त्याला बाजारात ब्राऊन शुगर आणि गल्लीत गर्द म्हणू लागले, आणि ते घेणारा झाला गर्दुल्ला. ‘दारुडा’ म्हणताना निदान माणूस डोळ्यांसमोर असतो. गर्दुल्ला म्हटले की डोळ्यांसमोर चोर येतो. याच काळात, १९८६ साली, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केले आणि गर्दचे व्यसनी हे रुग्ण आहेत, ही गोष्ट मराठी माणसाला पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर ऐकू आली. आज चाळीस वर्षे होत आली. शब्द अजून तोच आहे.

गर्द, अफू, मॉर्फिन, खोकल्याच्या औषधातले कोडीन, ट्रॅमाडॉलच्या गोळ्या, ही सगळी एकाच कुळातली. या कुळाला ओपिऑइड म्हणतात. काही थेट अफूच्या बोंडाच्या चिकातून येतात, काही कारखान्यात तयार होतात. हेरॉइन हे मॉर्फिनवर रासायनिक प्रक्रिया करून बनते. जर्मनीच्या बायर कंपनीने १८९८ साली ते खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आणले होते, हे आज कोणाला खरे वाटणार नाही.

मेंदूत या पदार्थांना जागा कशी मिळते? तर ती जागा आधीपासून असते. जखम झाली, बाळंतपणाच्या कळा आल्या, जीव तोडून धावावे लागले, की शरीर स्वतःच वेदनाशामक रसायने तयार करते. एंडॉर्फिन हे त्यातले एक. ती ज्या पेशींवर काम करतात त्या पेशींवर त्यांच्यासाठी खास ग्राहक असतात. कुलुपाला किल्ली बसावी तशी ही रसायने तिथे बसतात. १९७३ साली शास्त्रज्ञांना हे ग्राहक सापडले, आणि दोनच वर्षांत शरीरातली मूळ रसायनेही सापडली. अफूच्या चिकातला मॉर्फिनचा रेणू योगायोगाने याच कुलुपात बसतो, आणि शरीराच्या स्वतःच्या किल्लीसारखाच फिरतो.

हे ग्राहक एका जागी नसतात. पाठीच्या कण्यात असतात, तिथे वेदना दबते. आतड्यात असतात, तिथे हालचाल मंदावते, म्हणून गर्द घेणाऱ्याला आठ-आठ दिवस शौचाला होत नाही. मेंदूच्या देठात, जिथून श्वास चालतो तिथेही असतात. त्याबद्दल पुढे सविस्तर बोलू. आणि मेंदूच्या खोल भागात, जिथे एखादी गोष्ट ‘चांगली आहे, पुन्हा कर’ अशी नोंद होते, तिथेही असतात. जेवण, माया, कौतुक, मिळालेले काम, या सगळ्यांची नोंद तिथे डोपामिन नावाच्या रसायनाने होते. एरवी काही चेतापेशी या डोपामिनला ब्रेक लावून असतात. हेरॉइन या ब्रेक लावणाऱ्या पेशींनाच गप्प करते. मग डोपामिनचा असा लोंढा येतो की तसा तो कोणत्याही जेवणाने किंवा कोणाच्याही मायेने येणार नाही.

इथपर्यंतचे अनेकांना ढोबळपणे माहीत असते: ‘किक बसते’. खरा घात पुढे आहे. मेंदू ही तोल सांभाळणारी व्यवस्था आहे. रोज बाहेरून इतका जोराचा संदेश येऊ लागला की तो स्वतःकडून आवाज कमी करतो. ग्राहकांची संवेदना कमी होते, डोपामिनचा प्रतिसाद बोथट होतो. कालच्या पुडीने जे होत होते त्याला आज दीड पुडी लागते. आणि त्याच वेळी साध्या गोष्टींतला आनंद विझतो. आईने केलेले मटण, मित्राचे लग्न, क्रिकेट, कशातच काही वाटत नाही. घरचे म्हणतात, हा दगड झाला आहे. ते खोटे नसते, पण त्या दगडपणामागे त्याची मर्जी नसते. आनंदाचा काटाच खाली सरकलेला असतो. काही महिन्यांनी तर मजेसाठी घेणे संपते. उभे राहता यावे म्हणून घ्यावे लागते.

उभे राहता यावे म्हणजे काय, ते ज्याने ‘टर्की’ पाहिली आहे त्यालाच कळेल. मेंदूच्या देठात एक छोटा भाग असतो, तो शरीराला सावध ठेवणारे नॉरअॅड्रेनलिन सोडतो. ओपिऑइड त्याला दाबून ठेवते. दाबाखाली काम चालावे म्हणून तो भाग हळूहळू आपला जोर वाढवत नेतो. एक दिवस पुडी मिळत नाही, दाब निघतो, आणि वाढलेला सगळा जोर एकदम उसळतो. नाक-डोळे गळतात, जांभयांवर जांभया येतात, अंगावर काटा उभा राहतो, उलट्या, जुलाब, हाडे कोणीतरी पिरगाळतो आहे अशा वेदना, आणि चार-चार रात्री झोप नाही. टर्कीने सहसा जीव जात नाही; उलट्या-जुलाबांनी शरीरातले पाणी संपले आणि कोणी लक्ष दिले नाही तर जातोही. पण ती भोगणाऱ्याला मेलेले बरे असे वाटते. आईची पोत याच अवस्थेत विकली जाते. चोरीचे समर्थन आम्ही करत नाही. पण ती चोरी चैनीसाठी झाली असे जे आपण धरून चालतो, ते चूक आहे.

आता ‘मनाच्या निर्धारा’कडे येऊ, कारण आमची सगळी भाषणे त्यावरच उभी होती. निर्धार म्हणजे काय? आत्ताची ओढ बाजूला ठेवून उद्याचा विचार करणे. हे काम मेंदूचा पुढचा भाग करतो, कपाळामागचा. दीर्घकाळ ओपिऑइड घेणाऱ्यांच्या मेंदूच्या तपासण्यांमध्ये नेमके याच भागाचे काम मंदावलेले दिसते. दुसऱ्या बाजूला ओढ लावणारा भाग आणि भीती-अस्वस्थता सांभाळणारा भाग जास्त तिखट झालेले असतात. म्हणजे ज्या अवयवाने निर्धार करायचा तोच अवयव आजारी आहे, आणि आपण त्यालाच सांगतो आहोत की निर्धार कर. पाय मोडलेल्याला चालून दाखव म्हणण्यासारखेच हे झाले.

शिवाय मेंदू फक्त पदार्थ लक्षात ठेवत नाही. तो गल्ली लक्षात ठेवतो. पन्नी, लायटर, ठरावीक कोपरा, ठरावीक मित्राची शिट्टी, पगाराचा दिवस. या प्रत्येक खुणेला मेंदूने त्या लोंढ्याशी बांधून ठेवलेले असते. वर्षभर न घेतलेला माणूससुद्धा त्या कोपऱ्यावरून गेला की त्याच्या पोटात गोळा येतो, नाक गळू लागते. हे ढोंग नाही.

याचा मोठा पुरावा व्हिएतनामच्या युद्धातून मिळाला. तिथे अमेरिकन सैनिकांमध्ये हेरॉइन इतके पसरले की जवळपास पाचातला एक जण स्वतःला त्याच्या आहारी गेलेला म्हणत होता. अमेरिकेचे सरकार हादरले, हे सगळे घरी आल्यावर काय होणार? ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी १९७१ साली परतलेल्या सैनिकांचा मागोवा घेतला. व्यसनात अडकलेल्यांपैकी पहिल्या वर्षात जेमतेम पाच टक्के पुन्हा व्यसनात अडकले. याचा अर्थ हेरॉइन सौम्य आहे असा नाही. ते सैनिक ज्या जगातून परतले तिथल्या सगळ्या खुणा हजारो मैल मागे राहिल्या होत्या. घरी नोकरी होती, कुटुंब होते, पदार्थ सहज मिळत नव्हता. आता आमचा मुलगा बघा. तो तीन महिने वस्तीबाहेर राहिला आणि परत आला तो त्याच गल्लीत, त्याच बेकारीत, पुडी विकणाऱ्यापासून चाळीस पावलांवर. त्या सैनिकांपेक्षा त्याचा निर्धार कमी होता, असे म्हणायला आमच्याकडे काहीही आधार नाही.

आणि आता आईच्या प्रश्नाचे उत्तर.

ओपिऑइडने मरणारा बहुतेक वेळा श्वास थांबून मरतो. मेंदूच्या देठातले श्वासाचे केंद्र रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की ‘श्वास घे’ असा हुकूम देते. ओपिऑइड हा हुकूम मंद करते. माणूस झोपल्यासारखा दिसतो, घोरल्यासारखा आवाज येतो, श्वास मिनिटाला चार-पाचवर येतो, ओठ-नखे निळी पडतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. रोज घेणाऱ्याच्या शरीराला या परिणामाचीही काही प्रमाणात सवय झालेली असते. नव्या माणसाला मारील एवढा डोस तो पचवतो. पण ही सवय टिकत नाही. काही आठवडे बंद केले की ती उतरते. ओढ मात्र तशी उतरत नाही, गल्लीच्या खुणा उतरत नाहीत. म्हणजे तीन महिन्यांनी बाहेर पडणारा माणूस जुनी भूक आणि नवे शरीर घेऊन बाहेर पडतो. तो जुना डोस घेतो आणि श्वास थांबतो.

ही आमची कल्पना नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अमली पदार्थांच्या अतिमात्रेने मरण्याचा धोका सामान्य लोकांच्या १२९ पट होता. तुरुंग असो की कोंडून ठेवणारे केंद्र, शरीराला त्यातला फरक कळत नाही. आमच्या मुलाला केंद्राने काय सांगितले ते आम्हाला ठाऊक नाही. आम्ही मात्र त्याला काहीच सांगितले नाही. सांगायला हवे होते ते एवढेच, की बाबा, घेऊ नकोस. पण पाय घसरला तर एकटा असू नकोस आणि पूर्वीएवढे तर मुळीच घेऊ नकोस. हे सांगणे म्हणजे व्यसनाला परवानगी देणे, असे काही जण म्हणतील. जिवंत राहिलेला मुलगा पुढच्या वेळी उपचारांना येऊ शकतो, एवढेच आमचे उत्तर आहे.

जे मरत नाहीत त्यांचे काय होते? प्रत्येक वेळी श्वास मंदावला की मेंदूला प्राणवायू कमी पडतो. अशी दोन-चार वेळा बेशुद्धी झालेल्या माणसाची स्मरणशक्ती, लक्ष, हातापायांचा ताळमेळ हळूहळू जातो. पन्नीवर गर्द तापवून धूर ओढणाऱ्यांमध्ये क्वचित एक भयंकर आजार होतो, त्यात मेंदूतल्या चेतातंतूंचे आवरणच सडते. १९८२ साली नेदरलँड्समधून याची पहिली नोंद झाली. धुराने फुप्फुसे जातात ते वेगळेच. सुईने घेणाऱ्यांना एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी यांचा धोका, हृदयाच्या झडपांना जंतुसंसर्ग, शिरा बंद होणे. पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन घसरते, बायकांची पाळी बिघडते, हाडे ठिसूळ होतात, दात पडतात. सगळ्यात विचित्र म्हणजे, वेदना मारणारे हे औषध दीर्घकाळ घेतले की काहींना वेदना उलट जास्त जाणवू लागतात. कॅलिफोर्नियात हेरॉइनच्या आहारी गेलेल्या ५८१ पुरुषांचा ३३ वर्षे मागोवा घेतला गेला. शेवटी त्यातले २८४ मेलेले होते. जवळजवळ अर्धे.

(एक गैरसमज इथेच टाळतो. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यात डॉक्टरांनी दिलेले मॉर्फिन ही वेगळी गोष्ट आहे. ‘सवय लागेल’ या भीतीने आपल्या म्हाताऱ्यांना तळमळत ठेवू नका. कायद्याच्या धाकाने या देशात गरजवंतालाही मॉर्फिन मिळेनासे झाले होते. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती करावी लागली ती त्यासाठीच.)

मग उपचार काय? तर उपचार आहेत, आणि ते साठ वर्षांपासून आहेत. १९६०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये डोल आणि निस्वान्डर या डॉक्टर दांपत्याने मेथाडोन रोज देऊन हेरॉइनच्या रुग्णांना कामावर परत पाठवून दाखवले. पुढे ब्युप्रेनॉर्फिन आले. ही गोळी जिभेखाली विरघळवायची असते. ती त्याच कुलुपात बसते, घट्ट बसते, पण अर्धीच फिरते. टर्की थांबते, ओढ निवते, लोंढा येत नाही, आणि ठरावीक मर्यादेपुढे ती श्वास आणखी दाबत नाही. ही दोन्ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २००५पासून आहेत. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र केले तर मेथाडोनवर असलेल्या रुग्णांमधले मृत्यू, उपचार सोडलेल्यांच्या तुलनेत, एक तृतीयांशाच्या आसपास येतात. आपल्या कोणत्या भाषणाने, कोणत्या शपथेने इतके जीव वाचवले आहेत?

यावर आमच्याच बैठकीत ज्येष्ठांनी हरकत घेतली. “एक नशा सोडवायची आणि दुसरी लावायची, हा कसला उपचार? आपल्याला पाचवे शील आहे.” ज्येष्ठांचा आदर ठेवून सांगतो. शील हे पाऊल पडण्याआधीचे कुंपण आहे, ते प्रत्येक मुलाला शिकवलेच पाहिजे. पण ज्याचे पाऊल पडले आहे त्याला कुंपण दाखवून तो वर येत नाही. मधुमेह झालेल्या माणसाला आपण साखर न खाण्याचे महत्त्व सांगतो आणि इन्सुलिनही देतो. इन्सुलिनची ‘सवय’ लागली म्हणून त्याला हिणवत नाही. गोळी घेऊन जो माणूस सकाळी कामावर जातो, संध्याकाळी मुलाचा अभ्यास घेतो, त्याला नशेत असलेला म्हणणे हे डोळे मिटून बोलणे आहे. मेंदूचा तोल सुधारायला महिने, कधी वर्षे लागतात. तेवढा काळ गोळी हा आधार असतो. काहींना तो फार लांबपर्यंत लागतो. लागू दे.

दुसरी एक हरकत आमच्यातल्या तरुणांची होती, आणि ती जास्त विचार करण्यासारखी आहे. “मेंदूचा आजार म्हटले की बेकारी, वस्ती, पोलीस, सगळे प्रश्न सुटतात, उरते फक्त गोळी.” हा धोका खरा आहे. पण मेंदूचे शास्त्र नीट वाचले तर ते उलटेच सांगते. ज्या मेंदूत गल्लीच्या खुणा कोरल्या जातात त्या मेंदूचा उपचार गल्लीला वगळून होऊच शकत नाही. व्हिएतनामहून आलेले सैनिक हेच सांगून गेले. गोळीने माणूस उभा राहतो. उभे राहून जायचे कुठे, हा प्रश्न कामधंद्याचा आणि घराचा आहे.

मुंबईला तर हे नव्याने सांगायला नको. एके काळी गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या लेकरांना अफूची बाळागोळी देऊन जात. लेकरू दिवसभर गुंगीत पडून राही. सुशिक्षित मंडळी त्या आयांना अडाणी, निर्दय म्हणत. पण कामावर नाही गेली तर मजुरी बुडणार आणि नेले तर लेकरू ठेवायला जागा नाही, अशी ती आई होती. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेब प्रसूतीच्या भत्त्याच्या विधेयकाच्या बाजूने उभे राहिले, आणि पुढच्या वर्षी कायदा झाला. त्या आयांना कोणी उपदेश करून भागले असते काय? आणि त्याच मुंबईची जुनी श्रीमंती पाहा. माळव्याची अफू इथून चीनला जात होती, त्या व्यापारावर हवेल्या आणि घराणी उभी राहिली. जमशेटजी जिजीभॉय त्या व्यापारातले मोठे नाव; त्यांना इंग्रजांनी बॅरोनेट केले. त्यांनी दानधर्म भरपूर केला, ते नाकारण्याचे कारण नाही. पण विकणाऱ्याला किताब आणि ओढणाऱ्याला शिवी, ही वाटणी तेव्हापासूनची आहे. अगदी परवा, फेब्रुवारी २०२५मध्ये, मुंबईच्या एका औषध कंपनीच्या टॅपेन्टाडॉलच्या मिश्र गोळ्या पश्चिम आफ्रिकेतल्या रस्त्यांवर पोरांच्या हाती सापडल्याचे बीबीसीने दाखवले, आणि सरकारने त्या मिश्रणाची निर्यात बंद केली. त्या कंपनीच्या मालकांना गर्दुल्ला म्हटलेले आम्ही ऐकले नाही.

कायद्याचेही तेच. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात विकणे सोडा, नुसते हेरॉइन घेणे हासुद्धा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद. त्याच कायद्याच्या कलम ६४-अ नुसार थोड्या मालासह पकडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. वस्तीतल्या किती पोरांना, किती वकिलांना हे माहीत आहे? आणि २०१७चा मानसिक आरोग्य कायदा तर दारू व अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थांना मानसिक आजारच म्हणतो. त्या कायद्याने अशा रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे. तरीही बांधले जाते, मारले जाते, आणि घरचे पैसे भरून ते सोसतात, कारण दुसरे काही आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या २०१९च्या पाहणीत देशात सव्वादोन कोटींच्या वर लोक ओपिऑइड घेतात असे आढळले. त्यातल्या सुमारे ७७ लाखांना त्याने त्रास होतो आहे, म्हणजे उपचारांची गरज आहे. अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या वीस जणांत एकालाच कुठलातरी उपचार मिळतो. सरकारचा सगळा भर केंद्रांवर आणि जनजागृतीवर. नाकोची ब्युप्रेनॉर्फिनची योजना आहे, पण ती मुळात एचआयव्ही रोखण्यासाठी, म्हणून सुईने घेणाऱ्यांभोवती फिरते. पन्नीवर ओढणारा मुलगा तिच्या कडेला राहतो. त्याने सुई धरली की मग तो योजनेत बसतो! पंजाबने २०१७पासून बाह्यरुग्ण विभागांतून सर्व प्रकारच्या ओपिऑइड रुग्णांना ही गोळी द्यायला सुरुवात केली. महाराष्ट्राला हे का जमू नये, हा प्रश्न आपल्या आमदारांना, महापालिकेला विचारला पाहिजे. दुसरी मागणी नॅलोक्सोनची. हे औषध ओपिऑइडला कुलुपातून ढकलून देते आणि थांबत आलेला श्वास काही मिनिटांत परत सुरू करते. व्यसनाच्या जवळच्या माणसांच्या, कार्यकर्त्यांच्या हाती ते असावे असे जागतिक आरोग्य संघटना २०१४पासून सांगते आहे. आपल्याकडे ते रुग्णालयाच्या कपाटात असते. आमचा मुलगा पहाटे शौचालयाच्या मागे होता.

डॉक्टरांकडून कळले ते सगळे आम्ही त्याच्या आईला जाऊन सांगितले. सोपे नव्हते. मावशींनी शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाल्या, “म्हंजी त्यानं शपथ मोडली म्हणून न्हाई गेला.” आम्ही नाही म्हणालो. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. नंतर चहा ठेवायला उठल्या.

सध्या वस्तीतली तीन मुले वेगवेगळ्या केंद्रांत आहेत. पहिला पुढच्या महिन्यात १० तारखेला सुटतो. या वेळी समाजमंदिर घेतलेले नाही. तो यायच्या आधीच त्याच्या भावाला आणि वहिनीला घेऊन आम्ही सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात जाणार आहोत. गोळी सुरू करता येईल का, रोज कोणी न्यायचे, पहिले दोन आठवडे त्याच्या सोबत रात्री कोण झोपायचे, आणि श्वास घोरल्यासारखा झाला तर कुशीवर वळवून १०८ला फोन कोणी करायचा, हे ठरवायचे आहे. मावशी म्हणाल्या आहेत, मी पण येते.